मागच्या चाकात किती

साखळीच्या झाकणावर कंपनीचं स्टिकर आहे:
पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस,
दोघं बसले तर छत्तीस.
हा दुसरा माणूस किती किलोचा
ते मात्र लिहिलेलं नाही.

माझ्या मागे बसतात एकवीस माठ,
दोन रांजण, बांबूचा सांगाडा, भरपूर तणस
आणि उरलेल्या फटींतून परळं.
भिसीच्या धान्यकाट्यावर गाडीसकट एकदा चढवलं,
मग गाडी वजा केली.
एकशे सात.

पहिल्या उन्हाळ्यात अठ्ठावीसवरच निघाले.
टायर बसलं, ओल्या भाकरीसारखं.
शंकरपूरच्या वळणावर मागचा भाग
माझं ऐकेना, स्वतःच्या मनानं डुले.
हात लावला तर रबर तव्यासारखं,
आणि नहराच्या अलीकडे वॉलच उपटला.
एकवीस माठ एकेक करून उतरवले
पळसाच्या सावलीत,
सावलीपेक्षा माठ जास्त.

पुढल्या खेपेला रागानं म्हटलं,
भर, भर, अजून भर.
पंचेचाळीस.
चाक दगडाचं झालं.
रस्त्यावरची प्रत्येक गिट्टी
हँडलमधून मनगटात, मनगटातून दातात.
बाजारात तणस काढलं,
एकही फुटलेला नव्हता.
पण बाया माठ डोळ्यांनी घेत नाहीत,
बोटाच्या पेरानं वाजवून घेतात.
टण, टण,
भद.
भद.
केसाएवढी चीर, दिसत नाही, ऐकू येते.
दहा माठ परत आणले, मातीत मिळवायला.

फाट्यावरचा दौलत कोडापे म्हणाला,
"रिकाम्या गाडीत हवा काहून भरतेस जी?
माल लाद, वर बस,
मंग पायतो पोट किती सुटते ते."
मी लादून बसले.
तो उकिडवा, गाल जवळजवळ मातीला टेकलेला,
चौतीस, छत्तीस, थांब,
जरा पुढं घे, अजून दोन.
मग पान्ह्यानं टायरवर हलकेच मारलं
आणि कान दिला.
तो आवाज माझ्या ओळखीचा होता.
नीट भाजलेल्या मडक्याचा नव्हे,
पण त्याच्या घरातलाच कुणी.

आता त्याच्या टिनावर खडूनं लिहिलंय:
दूधवाला ३४
गॅसवाला मोठा ४०, लहाना ३६
निरूपा माठवाली ३८, पुढे २६
आणि खाली ठळक:
उन्हाच्या आधी या.

कारण दुपारी हेच अडतीस
काट्यावर त्रेचाळीस दिसतात.
भिसीच्या पंपावरच्या पोरानं एकदा
आपणहून सोडली हवा, फार झाली म्हणून.
संध्याकाळी गार पडली तेव्हा
चाक माझ्याआधी थकलं.
उन्हानं फुगलेल्याचं खरं धरू नये,
हे मी पोराला सांगितलं.
तो मोबाइल बघत होता.

येताना गाडी रिकामी.
अडतीसवर मी एकटी टुणटुण उडते,
पाठ बोलते.
हवा सोडत नाही.
सोडायला फुकट, भरायला पाच रुपये,
आणि पहाटे पुन्हा दौलतला उठवायचं.
त्यापेक्षा कांद्याचं पोतं बांधते,
उरलेले दोन माठ त्यावर,
आणि हळू येते.

चैत्रात त्याला एक माठ दिला.
पैसे घेत नव्हता चार खेपांपासून,
म्हणून.
आठवड्यानं गेले तर तोंड वाकडं:
"तुह्या माठाले लीक हाय."
मी म्हटलं, पाझरतोय तो,
पाझरला नाही तर थंड कसा होईल?
त्यानं बुडाशी अंगठा लावला,
जसा टायरला लावतो तसा,
ओला अंगठा बराच वेळ पाहिला.
जन्मभर ज्यानं
थेंबभर हवा कुठून जाते ते शोधलं,
त्याला हे पटायला वेळ लागणारच.

परवा पाहिलं,
माठाखाली त्यानं ठेवलंय
ट्यूब बुडवून भोकं बघायचं घमेलं.