शेरा

बाबा खानापूरच्या तहसील कचेरीत शिरस्तेदार.
एकतीस वर्षं. टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली घडी घालून तालुक्याचा नकाशा.

दिवसा कन्नड लिहायचे, सरकारी, गोल अक्षरात.
रात्री मराठी,
रद्द चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर:
चंद्र, वेदना, क्षितिज,
पुन्हा चंद्र.
आई म्हणायची, "अवसेला तरी झोपा की हो."

दोन संग्रह निघाले, भविष्यनिर्वाहातून उचल घेऊन.
बेळगावच्या संमेलनात 'घाडी'चं 'गाडी' झालं,
बाबा तरी उठले, पॅसेंजरसारखे, थांबत थांबत.
मोर्च्याच्या दिवशी घोषणा देणाऱ्यांत
त्यांचे चारपाच वाचक असत.
बाबा खिडकीच्या आत,
निवेदनावर पोच देत.

परवा वारसा लावायला गेले.
नवा कारकून, मुनवळ्ळीकडचा ईरण्णा,
जुनं बाड उलटता उलटता थबकला.
"निम्म अप्पा? वैजनाथ घाडी?"
आणि उठून उभाच राहिला.

म्हणाला, अक्का, शेरा कसा लिहायचा
ते आम्ही ह्यांच्यावरनं शिकलो.
अकराव्या रकान्यावर बोट ठेवून
वाचायला लागला,
माझ्यासाठी मोडक्या मराठीत उतरवत:

'विहीर एक. पाणी आहे.
वाटेकरी भाऊ दोघे. बोलणं नाही.
दोर एकच.'

पुढे मलप्रभेकाठचा एक सर्व्हे नंबर, पुराच्या साली:
'क्षेत्र नदीत. सारा माफ व्हावा.
म्हातारी रोज येऊन
पाण्यात हद्द दाखवते.'

खाली सही, तारीख, जांभळा शिक्का.
चंद्र कुठेच नव्हता.

घरात बाबांनी आम्हाला कन्नड बोलू दिलं नाही.
मला येतं ते बाजारापुरतं,
एष्टु, साकु, चिल्लर इल्ला.
एवढ्यावर मी त्या पानापुढे बसून राहिले,
दुपारचा चहा येऊन गेला तरी.

मग म्हटलं, ह्या पानांची नक्कल मिळेल का?
मिळेल की, ईरण्णा म्हणाला,
अर्ज करा, पानाला दहा रुपये, आठवड्यानं या.

अर्जात नाव भरलं, गाव भरलं, नातं भरलं.
'नक्कल कशासाठी हवी' ह्याला
दीड ओळीची जागा.
पेन तिथेच टेकून शाईचा एक ठिपका पडला.
एवढ्याशा जागेत काय मावतं
ते बाबांना ठाऊक होतं.