सहाशे तीन, सहाशे चार

घणसोलीत, सेक्टरच्या शेवटच्या गल्लीत
घरतांचे दोन फ्लॅट, समोरासमोर.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डरने बांधलं,
बापाच्या वाट्याला दोन दारं आली.
बाप गेला. मग आई.
आता एक दार मोरेश्वरचं, एक जयवंतीचं
आणि मधल्या पॅसेजमध्ये मी,
हातात लेझरचं मीटर, पाठीला सॅक,
वाटणीतला फरक रुपयांत सांगायला आलेली बाई.

कार्पेट दोन्हींचं सारखं, पाचशे अठ्ठ्याऐंशी फूट.
लाल ठिपका भिंतीवर जाऊन बसतो, आकडा आणतो,
त्याला बहीणभाऊ कळत नाहीत.

सहाशे तीन : बेडरूम दोन, बाथरूम एक.
सहाशे चार : बेडरूम एक, बाथरूम दोन.
एवढंच.
एवढ्यावरून दोघं दीड वर्ष बोलत नाहीत.

मोरेश्वर म्हणतो, लिहा मॅडम,
खोली ती खोली. खोलीत माणूस राहतो.
मोरीत कोण राहतं?

मी त्याला पद्धत सांगते.
आसपासचे व्यवहार घ्यायचे, इंडेक्स टू काढायचे,
बाकी सगळं सारखं, फक्त एक बाथरूम जास्त
असं जोडपं शोधायचं,
मोठ्या किमतीतून लहान किंमत वजा.
उरेल ते त्या बाथरूमचं मोल.
पण असं जोडपं सापडतं कुठे?
एकाला लिफ्ट नाही, दुसऱ्यासमोर नाला,
तिसऱ्याने निम्मे पैसे कागदावर आणलेच नाहीत.
मग अनुभव वापरायचा. अनुभव म्हणजे
तेवीस वर्षं लोकांच्या बाथरूमची दारं उघडून बघणं.

पहिल्याला किंमत नसते, ते नसेल तर घरच नसतं.
दुसऱ्याचा भाव सकाळी साडेसहाला चढतो,
दुपारी अडीचला शून्य.
तिसऱ्यात बादल्या ठेवतात आणि बंद पडलेला पंखा.
आणि नकाशात बेडरूम म्हणून लिहिलेल्या खोलीत
पलंग टाकल्यावर कपाट उघडत नसेल
तर ती खोली नव्हे, जाहिरात.
मोरेश्वरची दुसरी तशीच. सव्वासात बाय आठ.
मी त्याला ते सांगत नाही. लिहिते.

सहाशे चारमध्ये जयवंती दिवा लावते.
दुसऱ्या बेडरूमचंच बाथरूम केलेलं.
एवढं ऐसपैस पाम बीचच्या टॉवरमध्येही क्वचित पाहिलं.
खरखरीत फरशी. उंबरठा काढलेला.
खुर्चीचं चाक वळेल इतकी जागा.
कमोडशेजारी स्टीलचा दांडा,
त्याच्या वर भिंतीवर तळहाताएवढा काळपट डाग.
चार वर्षं, जयवंती म्हणते.
पुढे काही म्हणत नाही.

मंजूर नकाशाशी विसंगत, मी लिहिते.
मूळ स्थितीत आणायचा खर्च : एक लाख ऐंशी हजार, वजा.
दांड्याचा रकाना नसतो.

पॅसेजमध्ये मोरेश्वर विचारतो, किती झाला फरक?

सकाळी आठला कळवा, मग ऐरोली, मग हे.
तीन रिकामे फ्लॅट, नळ कोरडे,
चौथ्यात वॉचमन पाठीशी उभा.
या धंद्यातल्या बायका बाटली भरून नेतात
आणि भरलेलीच परत आणतात.
सव्वाचार वाजलेत.

जयवंती माझ्याकडे बघते. न सांगता ओळखते,
तशी तिला सवय झाली असणार.
जाऊन या ना, म्हणते. दोन आहेत.

मी सॅक उतरवते.
आत जराशी दांडा धरून उभी राहते, गरज नसताना.

बाहेर येते तर मोरेश्वर तिथेच, आकड्याची वाट बघत.
अहवाल बुधवारी, मी म्हणते.
आणि जयवंतीला :
पाणी मिळेल?
मोठा ग्लास.