मानशीची पावणी

गुरुदास तारवटी होता तेव्हा
नऊ महिने दर्यावर, तीन महिने घरी.
येताना साबण आणायचा, चॉकलेटं, जाड टॉवेल,
सगळ्याला बोटीचा एकच वास.
आणि रात्री, पंखा दोनवर ठेवून,
आवडलं? असं विचारायचा,
पार्सल पोचलं का विचारावं तसं.

मी हो म्हणायचे.
पैसे त्याचे, घर त्याच्या आईचं,
रजेचे दिवस मोजून आणलेले.
या हिशेबात नाही कुठल्या रकान्यात लिहायचं?

सोळा वर्षं हो म्हटलं,
श्वास थोडा चढवून, मग उतरवून.
खाटेवर दिसणारी कौलं मोजत.

एस्पेरांसाने एकदा पोलक्याचं माप घेताना,
तोंडात टाचण्या धरून विचारलं,
तुला होतं का गं कधी?
मला वाटलं, पाठदुखीचं विचारतेय.
नाही म्हटलं.
ती खूप हसली. मग टाचण्या काढून
गप्प बसली माझ्याजवळ.

पुढे गुडघा गेला आणि कंपनीने त्याला घरी बसवलं.
त्याच साली आमच्या जुव्यावर
मानशीची पावणी निघाली.
पाटल्या सोसायटीत ठेवून मी बोली लावली.
बाबल्या म्हणाला, घोवाचं नाव सांग.
मी माझंच सांगितलं, दोनदा.

मग रात्रीबेरात्री सुकती लागली की बांधावर,
डोक्याला बॅटरी, दाराशी जाळं.
सुंगटं, काळुंद्रं, कधी एखादा तामसो.
उजाडता माशेलच्या बाजारात.
पैशांचं पाकीट माझ्या कमरेला,
आणि घरात माझा आवाज
थोडा मोठा, मलाच ऐकू येण्याइतका.

खरं सांगते, मीही तेच केलं.
हवं तेव्हा त्याच्याकडे वळायचे,
नको तेव्हा पाठ.
विचारायचे नाही.
त्याने मिळालं का म्हणून मला काही मिळालं, असंही नाही.
नुसतं दमल्यासारखं व्हायचं,
भांडण जिंकल्यावर होतं तसं.

एका रात्री अंधारात तो म्हणाला,
एकशे बारा.
मी म्हटलं, तेरा. ते काचेचं धर.
बराच वेळ कुणी हललं नाही.
मग तो हसला आधी, की मी,
आठवत नाही.

तुला कसं बरं वाटतं, म्हणाला.
पार्सलवाल्या आवाजात नाही.
माझ्याकडे शब्दच नव्हते.
जे होते ते शिव्यांतले,
नाहीतर डॉक्टरच्या चिठ्ठीतले.
त्याचा हात धरून मी म्हटलं,
हांगा.
न्हय, हांगा.
रव मरे, घाई कित्याक.

मानशीचं दार कुणी हाताने उघडत नाही.
आतलं पाणी चढलं की उघडतं,
बाहेरचं चढलं की मिटतं.
मधे थोडा वेळ, विडी संपेल एवढाच,
दोन्हीकडे पाणी सारखं असतं.
तेव्हा ते लाकूड नुसतं हलत राहतं
बिजागरीवर, कुरकुरत.
इतकी वर्षं बांधावरून जाताना
मी तो आवाज ऐकलाच नव्हता.

माझ्या तोंडून निघालेला आवाजही
माझ्या ओळखीचा नव्हता.
शेजारचं कुत्रं भुंकलं.
गुरुदास घाबरून म्हणाला, दुखलं?

त्या रात्रीची सुकती चुकली.
जाळं लागलंच नाही.
वहीत तारीख घालून लिहिलंय मी,
नुकसान, रुपये सहाशे.
कारणाची जागा कोरी आहे.
एस्पेरांसाला मात्र सांगितलं.