एका हाताने

फेब्रुवारीत हाकोदातेत बर्फ इतका
की ट्रामचे रूळ रोज सकाळी नव्याने शोधावे लागतात.
अशा दिवशी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात कोण येतं?
कुरामोचीबाई आल्या, बूट आपटत,
आणि पिशवीतून काढलं काय, तर ॲप्रन.

धुतलेला, इस्त्रीचा, पोटावर एकच खिसा.
"यात राहील असा दाखव," म्हणाल्या,
"आणि एका हाताने निघायला हवा.
दुसऱ्या हातात ओगराळं असतं."

एकतीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात.
तीनशे बारा पोरं, भात, सूप, दुधाच्या बाटल्या.
मार्चअखेर सुटका.
(आधी 'सुटका' म्हणाल्या,
मग जरा थांबून 'निवृत्ती'.)

मी काचेखालून दोन काढले
आणि पोपटपंची सुरू केली.
हा काळा. सेन्सर मोठा, अंधारातही दाणे येत नाहीत,
कडा सुरीसारख्या. उठायला मात्र आळशी.
हा निळा. पाडा, बुडवा, काही होत नाही,
भिंग आतल्या आत सरकतं, बाहेर डोकावतच नाही.
रंग जरा भडक,
आणि दिवे लागले की चित्र पिठूळ.

काळा खिशात घातला, तर अर्धा बाहेर,
ॲप्रन एका अंगाला लोंबला.
निळा घातला. बसला.

"वाफ?" त्यांनी विचारलं.

माझ्या माहितीपत्रकात वाफ नव्हती.
पाऊस होता, धूळ होती,
दीड मीटरवरून पडणंसुद्धा होतं.
"झाकण काढलं की आमच्याकडे
समोरचा माणूस दिसत नाही."

मालक सेगावा वर्तमानपत्रामागून म्हणाले,
"होनामी, किटली लाव."

दोन कॅमेरे, एक किटली, आम्ही तिघं.
काळ्याने घर्र करत भिंग बाहेर काढलं
आणि ते जागच्या जागी आंधळं झालं.
निळ्याने तेवढ्यात मालकांचा कान टिपला,
भडक तांबडा, हुबेहूब.
बाई हसल्या. मला वाटलं, ठरलं.
पावतीपुस्तक उघडलंसुद्धा.

पण त्या काळ्याच्याच पडद्याकडे पाहत होत्या.
पांढरं सगळं. मधेच काहीतरी, माझी बोटं असावीत,
किंवा किटलीचा कान.

"असंच दिसतं," म्हणाल्या.
"एकतीस वर्षं मला असंच दिसलंय."

किंमत दुप्पट. विकणाऱ्याने इथे गप्प बसायचं असतं.
मला जमलं नाही.
म्हटलं, बाई, हा मावत नाही,
वाफेने वर्षभरात मरेल.
"खिसा उसवून मोठा करीन," त्या म्हणाल्या,
"आणि मला सातच आठवडे हवाय."

'रोजच्या वापरासाठी' असं खोक्यावर छापलेलं असतं.
रोज म्हणजे किती दिवस, ते कुणी छापत नाही.

एप्रिलमध्ये परत आल्या. बर्फ काळा पडून
गटाराकाठी उरला होता तेवढाच.
कॅमेऱ्याच्या भिंगात आतून एक डाग, मसुराएवढा.
दुरुस्त करू का विचारलं. नको म्हणाल्या.
छापून हवे होते, चाळीसेक.

मी एकेक मशीनमधून बाहेर येताना बघत होते.
धुकं. धुक्यात बाटल्या. धुकं. कुणाची तरी रबरी टोपी.
धुकं, आणि त्यातला तो डाग, प्रत्येकात त्याच जागी,
इतका की शेवटी तो तिथलाच वाटू लागला,
भिंतीवरच्या खिळ्यासारखा.

एकात खिडकीतून आत आलेला हात,
रिकामं पातेलं सरकवणारा. मनगटावर शाईची रेघ.
हलल्यामुळे बोटं सहा की सात, कळत नव्हतं.

"हा कुणाचा?"

"पाचवी, दुसरी तुकडी," बाई म्हणाल्या.
"गाजर असलं की पातेलं हाच परत आणतो.
तळाशी काय दडवलंय
ते वर्गात कुणी बघू नये म्हणून."

नाव त्यांना ठाऊक नव्हतं.