फरशी क्रमांक अकरा

मोजपट्ट्या घेऊन ते आले तेव्हा
मी वेदीपुढचं मेण खरवडत होतो
बायकोच्या जुन्या सुरीनं.
पाच जण होते. एकीनं दारातच चपला काढल्या.
म्हटलं, ताई, आमच्यात काढत नाहीत.
तरी तिनं काढल्याच.
बरं वाटलं.

त्यांनी सगळ्याला आकडे चिकटवले.
खांब एक ते दहा.
पापनिवेदनाची पेटी, चौदा.
तिच्या जाळीतून मी जन्मभर
एकच पाप फिरवून फिरवून सांगत आलोय,
त्याला मात्र आकडा मिळाला नाही.
घंटेला तडा आहे, असं लिहून घेतलं.
तो आम्हाला ठाऊक होता.
दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा आणि आमची घंटा
सकाळी एकदमच वाजतात,
आणि खडकी बाजारात
कुणाला कुणाचं काही वाटत नाही.

वारसा, साहेब म्हणाले.
छप्पर गळतंय, फादर ऑरेलियो म्हणाले.
दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत
हे कळायला तीन बैठका गेल्या.

आता रविवारी दुसरी मिस्सा सुटली की बस येते.
एका दिवसात सात देवळं, नाश्ता धरून.
सांगलीचे, नाशिकचे, कधी एखादं वसईचं कुटुंब;
ते मात्र आत शिरताच गुडघे टेकतं
आणि मागचे लोक अडखळतात.
गाईड पोरगी, मृण्मयी, गोड बोलते.
या रंगीत काचा सातासमुद्रापारच्या, म्हणते.
डावीकडची पिवळी मी बसवलीय,
ब्याण्णव साली, बोहरी आळीतून आणून,
चेंडू लागला होता तेव्हा.
सांगू का, विचारलं.
सांगा ना काका, लोकांना हेच तर आवडतं.
मग नाही सांगितलं.

अगाथाबाई लोंढे पहिल्या बाकावर असतात.
मुलाची तीन बोटं कारखान्यात गेली,
त्याला आता सतरा वर्षं झाली,
अजून मेणाचा हात आणून ठेवतात, पाची बोटांचा.
एकजण म्हणाला, आजी, जरा सरकता का, फोटोत येताय.
सरकल्या.
अजून थोडं.
सरकल्या.
चिमटीत जपमाळेचा तोच मणी.

आणि दारापासून चौथ्या पावलावर
फरशी क्रमांक अकरा.
तिच्याखाली आमचा खापरपणजा, इस्तेव्ह पाटोळे,
तोफखान्यातले घोडे राखायचा.
मला दारातच पुरा, म्हणाला होता,
येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागू देत,
तेवढाच माज उतरेल.
लागले. नाव गेलं, साल गेलं,
आडनावातला एक ळ तेवढा उरलाय,
तोही ओल्या फडक्यानं पुसला तर दिसतो.

साहेब म्हणाले, यावर जाड काच टाकू,
आत दिवा सोडू,
कुणाचा पाय पडणार नाही.
मी म्हटलं, पण साहेब, त्याला...
साहेबांनी हात जोडले. तुमचेच पूर्वज ना,
आम्हाला त्यांचा मान राखायचाय.
काच आणि छप्पर एकाच मंजुरीत होतं.
कागदावर रकाना होता, वारसदार.
पहिल्या बाकावरची बादली बघितली
आणि सही केली.

काच पुढच्या महिन्यात येतेय.
तोवर दर रविवारी मी दारात उभा राहतो.
बसमधून उतरलेल्यांना म्हणतो, इथून या, यावरून या.
लोक बिचकतात. फलक वाचलेला माणूस
पाय फार जपून टाकतो.
वळसा घालून जातात, हात लावून कपाळाला नेतात,
एकानं तर फूल ठेवलं.
परवा एक पोरगी, पाच-सहा वर्षांची,
बुटांना मुरमाचा चिखल,
त्यावर उभी राहिली आणि स्वतःभोवती गरागरा फिरली,
आई ओरडेपर्यंत.

रात्री कुलूप लावायच्या आधी फडकं ओलं केलं.
ळ अजून आहे.
होईल, म्हटलं, म्हाताऱ्या.
अजून तीन रविवार आहेत.