एडक्याच्या कानात

मुंडकं डेन्मार्कहून आलं, मालवाहू बोटीने.
खोक्यावर लिहिलेलं : ओलाव्यापासून जपा.
आम्ही हसलो.
ब्राटनेसमध्ये मीठसुद्धा घाम गाळतं,
आणि वारा सुटला की चेंडू थेट अटलांटिकात,
म्हणून उत्तरेच्या गोलामागे
पोउल होडीत बसलेला असतो, जाळं घेऊन.
त्याला सामन्यामागे पगार मिळतो.
गोलरक्षकाला मिळत नाही.

त्याआधी खरा एडका होता.
करडा, डाव्या शिंगाला तडा गेलेला,
मालक कुणीच नाही, म्हणून सगळेच.
ऑक्टोबरात गावभर सुऱ्या परजल्या जात,
धडं फळ्यांच्या खोपीत वाऱ्यावर टांगली जात,
हा कुंपणापाशी रवंथ करत बघत राही.
संघ जिंको, हरो (बहुधा हरोच),
त्याच्या गळ्याला कुणी बोट लावलं नाही.

मोसमाच्या पहिल्या सामन्याला
मेंढपाळांतला सर्वांत म्हातारा मध्यरेषेवर येई,
टोपी काढी, गुडघा टेकी,
आणि त्या हिवाळ्यात कड्यावरून गेलेल्या,
बर्फाखाली राहिलेल्या मेंढ्यांचा आकडा
एडक्याच्या कानात सांगे.
मोठ्याने कधीच नाही.
मोठ्याने म्हटलेला आकडा वाढतो, अशी समजूत.
या कानाचं त्या कानाला कळू न देणारा
गावात तो एकटाच होता.
मग त्याला मोकळं सोडत.
कुठल्या गोलाकडे जातो यावर पैजा लागत,
आणि तो तिथेच, मध्यरेषेवर, सावकाश मुतत असे.

मग प्लास्टिकचं गवत आलं,
त्याच्यामागून एक पत्र आलं :
मैदानावर जनावर नको.
एडका त्याच हिवाळ्यात गेला.
रुसून गेला म्हणतात.
डॉक्टर म्हणाला, दात उरले नव्हते.

मी मासळीच्या कारखान्यात सॅल्मनचे काटे काढते.
उंची बसली म्हणून मला आत घातलं.
आत रबराचा वास, पाठीवरून घामाची धार,
डोळे नुसते रंगवलेले.
मी एडक्याच्या तोंडातून बघते.
जग तेवढंच दिसतं, घासाएवढं.
पोरं शेपूट ओढतात. एकाने पोटात गुद्दा मारला,
मग त्याच जागी मिठी मारली.

शिट्टीच्या आधी एयुन आला.
हे कुणी मला सांगितलं नव्हतं.
ब्याऐंशी वर्षांचा माणूस, रविवारचा कोट,
मध्यरेषेवरून सरळ माझ्याकडे.
टोपी काढली.
खरा एडका त्याच्या कमरेएवढा होता,
मी त्याच्याहून वीतभर उंच,
म्हणून गुडघा मीच टेकला.
लोकरीत हात घालून त्याने कान शोधला,
जणू आजवर फोमचेच कान धरत आला होता.

आकडा मी सांगणार नाही.

आकड्यानंतर तो थांबला.
मला वाटलं संपलं, उठू लागले,
तर त्याने शिंग धरून खाली दाबलं
आणि एक नाव म्हणाला.
मेंढ्यांना आम्ही नावं ठेवत नाही.
फेब्रुवारीत त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा
दोन दिवस, दोन रात्री तसाच जळत होता,
रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिला होता.
त्यावर पुढे कुणी काही बोललं नाही,
तोही नाही.

कॉफीचा श्वास. तंबाखूचा.
मला काय करायचं ते ठाऊक नव्हतं,
मी मान हलवली.
एवढं मोठं मुंडकं, एवढी मोठी शिंगं,
ते डोललं तशी माणसं खदखदून हसली,
टाळ्या पडल्या,
आणि एयुनने टोपी घातली.

आम्ही चार-शून्यने हरलो.
पोउलने दोनदा वल्ही मारली.

सोमवारी पट्ट्यावर मार्जुनने विचारलं,
यंदा किती गं?
मी चिमट्याने काटा उपसला, दिव्याखाली धरला.
एडके बोलत नाहीत, म्हटलं.

मुंडकं वाळायला खोपीत टांगलंय,
गेल्या सालच्या मांसाशेजारी.
फळ्याफळ्यांतून वारा येतो
आणि त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजतो.
मी ऐकत थांबले नाही.
दार लोटून घेतलं.