पान एकेचाळीस

नगरसचिवांच्या कपाटात
कामकाज नियमावलीची एकच धड प्रत आहे,
निळ्या कापडी बांधणीची. किल्ली माझ्याकडे.
एकोणीस वर्षं मी सभागृहात मान खाली घालून
लघुलिपी काढते.
चेहऱ्यांपेक्षा खाकरणी जास्त ओळखते.

सहा वर्षांपूर्वी कुरापाटी अण्णा विरोधात होते.
"वाचलं असं समजा," म्हणाले बिद्री,
आणि चार मिनिटांत अंदाजपत्रक मंजूर.
अण्णांनी ही प्रत मागवली,
पान एकेचाळीसवर तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली
इतकी दाबून, की कागद फाटायचा राहिला :
चर्चेवाचून मंजुरी नाही.
मग राजदंडाला हात, मग सभात्याग,
मग आमच्याच खोलीत पंख्याखाली बसून
कडक भाकरी, शेंगाचटणी.
तेल त्याच पानावर सांडलं.
"पुसू नका बाई," म्हणाले, "साक्ष राहील."

काल अण्णा सभागृहनेते.
साडेदहाला वाटली जाडजूड पुस्तकं,
अकराला सभा.
"वाचलं असं समजा."
मी घड्याळ बघितलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद.
वीस सेकंदांची बचत,
शहराची तेवढीच.

मग बिद्री उठले. हात लांबवला, प्रत मागितली.
चष्मा पुसून वाचू लागले
अण्णांनी रेघ मारलेली ओळ.
लोकशाहीचा खून.
'खू'वर तोच दम, तीच थाप बाकावर.
अण्णा छताकडे बघत होते, कोळ्याचं जाळं मोजल्यासारखे.
मला नवं काही लिहावं लागलं नाही,
जुन्या वहीतली नावं तेवढी फिरवली.

मी समोर बसते, मला पानाची पाठ दिसते.
बेचाळीसवर छापलंय :
पीठासीन अधिकाऱ्यांचा निर्णय अंतिम राहील.
तेल मुरलेल्या कागदातून
ती तांबडी रेघ अलीकडे उतरली होती,
बरोबर 'अंतिम'च्या खाली.

आई विडी घरकुलात विड्या वळते.
कारखान्यात मुनीम जुड्या सोडून बघतो :
ही पोटात पोकळ, ही टोकाला सैल.
छाट म्हणून बाजूला सारतो. छाटीचे पैसे नाहीत,
पान तिचं, तंबाखू तिच्या नावावर.
रात्री मी सांगितलं,
बाराशे कोटी, पावणेचार मिनिटं.
मांडीवरचं सूप न हलवता
तिने तेलुगूत विचारलं, "आणि छाट किती?"
मी म्हटलं, निघालीच नाही.
"मुनीम नव्हता?"
तेवढ्यात खाली कुणीतरी ओरडलं, नळ आला,
पाचव्या दिवशी, अडीच वाजता,
आणि आम्ही घागरी घेऊन धावलो.

सकाळी इतिवृत्त टंकलं. विषय क्रमांक सात,
बहुमताने मंजूर. विरोध नोंदवला.
प्रत कपाटात ठेवण्याआधी
आईच्या जुडीचा एक गुलाबी दोरा
एकेचाळीसवर खूण म्हणून घातला.
निवडणूक लागतेय पुढल्या वर्षी.
ज्याला लागेल त्याला
शोधाशोध नको.